रथ कुठून आणायचा?

'अभिज्ञानशाकुंतल' बसवायला घेतलेल्या दिग्दर्शकाला पहिल्याच अंकात घाम फुटतो. सूत्रधार आणि नटी यांचं बोलणं संपतं न संपतं तोच राजा दुष्यंत हरणाचा पाठलाग करत येतो, आणि येतो तो रथातून. सारथी लगाम सैल सोडतो, घोडे भरधाव सुटतात, हरीण पुढे उड्या घेत पळत असतं. आश्रमाच्या हद्दीवर रथ थांबतो, राजा खाली उतरतो, सारथी घोड्यांना गार करायला घेऊन जातो. बरं, एकदा सुटका झाली म्हणावं तर सातव्या अंकात पुन्हा रथ आहेच. तोही साक्षात इंद्राचा. दुष्यंत आणि इंद्राचा सारथी मातली त्यात बसून ढगांमधून खाली उतरतात आणि राजाला पायाखालची पृथ्वी हळूहळू वर येताना दिसते.

मी हा रथ एकदा प्लायवूडचा पाहिला आहे. एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात. सोनेरी कागद चिकटवलेला, चाकं खरोखर फिरणारी, पुढे पुठ्ठ्याचे दोन घोडे. निम्मा रथ विंगेबाहेर आला आणि अडकला. राजा वेगाचं वर्णन करणारा श्लोक खणखणीत आवाजात म्हणत होता आणि मागून दोन पोरं रथाला खांदा लावून ढकलत होती. लोक पोट धरून हसले. राजा झालेल्या मुलाची त्यात काहीच चूक नव्हती. कालिदासाचीही नव्हती, कारण त्याने रथ मागितलाच नव्हता.

संहितेतल्या रंगसूचना नीट वाचल्या की हे कळतं. रथाचा वेग 'निरूप्य', राजा 'नाट्येन' उतरतो, शकुंतला आणि सख्या झाडांना पाणी घालण्याचं 'रूपण' करतात. हे शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांचा अर्थ एवढाच, की ही गोष्ट नटाने करून दाखवायची आहे. वस्तू आणायची नाही. त्याच अंकात शकुंतलेच्या तोंडाभोवती एक भुंगा घोंगावतो आणि तिला सळो की पळो करतो. आजवर एकाही दिग्दर्शकाने रंगमंचावर भुंगा आणलेला नाही. नटीची मान, हात आणि डोळे एवढ्यावर तो भुंगा सगळ्यांना दिसतो. भुंग्याला जो न्याय, तो रथाला का नको, हा प्रश्न प्लायवूडवर खर्च करण्याआधी विचारायला हवा.

भरताच्या नाट्यशास्त्रात याचं उत्तर अगदी व्यवहारी पद्धतीने दिलेलं आहे. रथात बसलेल्याने कसं उभं राहावं, एका हातात धनुष्य आणि दुसऱ्या हातात रथाचा दांडा धरल्याचं कसं दाखवावं, सारथ्याने चाबूक आणि लगाम कसे सांभाळावेत, पावलं छोटी पण जलद कशी टाकावीत, हे सारं त्यात आहे. होडी, चढण, आकाशातून उतरणं यांचीही अशीच सोय केलेली आहे. जागा बदलण्याची युक्ती तर आणखी सोपी. तिला कक्ष्याविभाग म्हणतात. नट रंगमंचावर एक फेरी मारतो आणि दुसऱ्या ठिकाणी पोचतो. आधी आलेला तो घरातला, नंतर आलेला तो बाहेरचा, हे प्रेक्षकाने मान्य केलेलं असतं. आपल्या तमाशात राजाचा दरबार आणि गावाबाहेरचं रान यांत एका गिरकीचं अंतर असतं. दशावतारातही मागे एक साधा पडदा आणि पुढे एक बाकडं एवढ्यावर त्रिभुवन उभं राहतं. म्हणजे ही युक्ती आपण विसरलो नव्हतो. फक्त 'चांगल्या' नाट्यगृहात ती चालत नाही, असं मधल्या काळात ठरवून बसलो.

हे ठरलं कमानी रंगमंचामुळे. मुंबईत १८४६ साली जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर ग्रँट रोडचं नाट्यगृह उभं राहिलं. चौकटीतलं चित्र पाहावं तसं नाटक पाहायची सवय पुढच्या काही दशकांत लागत गेली. चौकट आली की चित्र आलं, चित्र आलं की रंगवलेले पडदे आले. जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा, राजवाड्याचा पडदा. आता गंमत पाहा. संस्कृत नाटकातला श्लोक पुष्कळदा स्वतःच पडद्याचं काम करत असतो. आश्रमाच्या खुणा कोणत्या, पाऊस कसा कोसळतोय, रात्र किती काळी आहे, हे पात्र सांगतं आणि ऐकणारा ते मनात रंगवतो. मागे आश्रम रंगवून ठेवला आणि पुढे नटाने आश्रमाचं वर्णन केलं, की एकच गोष्ट दोनदा होते. मग कंटाळलेला दिग्दर्शक कात्री घेतो आणि पडदा ठेवून श्लोक कापतो. मला विचाराल तर उलटं करायला हवं.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'चा पहिला प्रयोग पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला. त्या दिवशी पहिले चारच अंक झाले. मराठी संगीत रंगभूमीचा जन्म म्हणून या तारखेचं कौतुक आपण करतो ते योग्यच आहे, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यात एक वेगळी हुशारी दिसते. संस्कृत नाटकात श्लोक सुरू झाला की गोष्ट थांबते. पात्र जिथल्या तिथे उभं राहून एका क्षणात शिरतं. वास्तववादी अभिनय शिकलेल्या नटाला हे थांबणं फार जड जातं, कारण मधल्या वेळात हातांचं काय करायचं हे त्याला कळत नाही. अण्णासाहेबांनी श्लोकाच्या जागी पद ठेवलं. गाण्यात वेळ थांबलेला कुणाला खटकत नाही. संस्कृतातलं चाल आणि थांबा यांचं गणित त्यांनी मराठीत आणलं, आणि तेही पारशी नाटकमंडळींच्या चमकदार खेळांशी स्पर्धा करत. पुढे गोविंद बल्लाळ देवलांनी 'मृच्छकटिक' याच वाटेने मराठीत आणलं. नंतर गाणंच मालक झालं, एकेका पदाला चार-चार वन्स मोअर पडू लागले आणि नाटक पाहुण्यासारखं दारात ताटकळत राहिलं, ही गोष्ट वेगळी.

'मृच्छकटिका'वर थोडं थांबायला हवं, कारण आधुनिक रंगभूमीवर संस्कृत नाटकाला नवा श्वास मिळाला तो या नाटकातून. दहा अंक, सारं उज्जयिनी शहर, त्यात जुगारी, चोर, गाडीवान, न्यायाधीश, बौद्ध भिक्षू आणि राजाचा मूर्ख मेहुणा शकार. तिसऱ्या अंकात शर्विलक नावाचा ब्राह्मण चोर नायक चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो. आधी तो भोकाचा आकार कोणता असावा याचा विचार करतो, कमळासारखा, चंद्रकोरीसारखा की घड्यासारखा. चोरीचंही शास्त्र असतं ना! माप घ्यायला दोरी विसरला म्हणून जानवंच काढतो. आता इथे खरी भिंत उभी केली तर प्रेक्षक भिंतीकडे बघतील. भिंत नसेल तर शर्विलकाची बोटं ती विटेविटेने तयार करतात आणि विटेविटेने फोडतात. सहाव्या अंकात दोन बैलगाड्यांची अदलाबदल होते. नायिका वसंतसेना चुकून शकाराच्या गाडीत चढते. चारुदत्ताच्या गाडीत तुरुंगातून पळालेला आर्यक चढतो आणि त्याच्या पायातल्या बेडीचा आवाज गाडीवानाला पैंजणांचा वाटतो. नवव्या अंकात न्यायाधीश वीरक या शिपायाला सांगतो की घोड्यावर बसून उद्यानात जा आणि बाईचं प्रेत पडलंय का बघून ये. वीरक जातो आणि त्याच क्षणी परत येऊन खबर देतो. जुन्या टीकाकारांना असल्या जागा म्हणजे रचनेतले दोष वाटत.

दिग्दर्शक हबीब तनवीरांना ते दोष वाटले नाहीत. रायपूरचा हा माणूस लंडनला रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये नाट्यशिक्षण घ्यायला गेला, युरोपभर भटकला, जर्मन नाटककार ब्रेख्त वारल्यानंतर काही महिन्यांतच बर्लिनला पोचला आणि त्याची नाटकं पाहत राहिला. १९५८ साली परतल्यावर बेगम कुदसिया झैदी यांच्या हिंदुस्तानी थिएटरसाठी त्यांनी दिल्लीत 'मृच्छकटिक' हे 'मिट्टी की गाडी' या नावाने केलं. त्यात छत्तीसगढच्या 'नाचा' या लोकनाट्यातले सहा कलावंत घेतले. रंगमंच जवळजवळ रिकामा, मधे एक गोल चौथरा. या नटांना कक्ष्याविभाग हा शब्द ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण फेरी मारून दुसऱ्या गावाला पोचणं हा त्यांचा रोजचा धंदा होता. वीरकाने जाऊन लगेच परत येण्यात त्यांना काहीही अडचण दिसली नाही. पंडितांना जे कोडं वाटत होतं ते खेड्यातल्या नटांच्या पायांना आधीच सुटलेलं होतं. दिल्लीतल्या काही शुद्धतावाद्यांना राजदरबारी नाटकात गावरान नट पाहून धक्का बसला, पण तनवीर हटले नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांनी 'नया थिएटर' सुरू केलं आणि सत्तरच्या दशकात हेच नाटक पुन्हा घेतलं तेव्हा ते पुरतं छत्तीसगढी नटांच्या हाती दिलं. विदेशात शिकलेल्या माणसाला हे दिसलं, याचं मला नवल वाटत नाही. ब्रेख्तने त्यांना निवेदक, गाणी आणि उघडावाघडा रंगमंच दाखवला होता. घरी आल्यावर त्यांनी पाहिलं, तर हे सगळं शेजारच्या वाडीत रात्रभर चालू होतं.

ब्रेख्तच्याच वाटेने मराठीतही हा प्रवाह आला. विजया मेहतांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्याबरोबर ब्रेख्तच्या नाटकावरून 'अजब न्याय वर्तुळाचा' केलं आणि त्याच सुमाराला 'मुद्राराक्षस', 'शाकुंतल' यांच्याकडे त्या वळल्या. मराठीत ही नाटकं त्यांनी बसवलीच, शिवाय पूर्व जर्मनीत तिथल्या नटांना घेऊन जर्मन भाषेतही केली. 'मुद्राराक्षस' निवडणं ही धाडसाची गोष्ट आहे. त्यात प्रेमकथा नाही, नायिका नाही. आहेत ते हेर, खोटी पत्रं, एक अंगठी, आणि चाणक्य व राक्षस हे दोन मंत्री. हे दोघे सगळं नाटकभर एकमेकांवर डाव टाकतात आणि समोरासमोर येतात ते शेवटच्या अंकात. पोशाखी वैभव शोधणाऱ्याला यात काही सापडत नाही. ज्याला रोजच्या वर्तमानपत्रातलं राजकारण कळतं त्याला सगळं सापडतं.

केरळात मात्र गोष्ट मुळातच निराळी होती. तिथे संस्कृत नाटक मेलेलंच नव्हतं. मंदिरांच्या कूत्तंबलममध्ये, म्हणजे नाट्यगृहांत, चाक्यार आणि नंग्यार या जातींचे नट-नटी शतकानुशतकं कूडियाट्टम हा संस्कृत नाट्यप्रकार करत आले. त्यांच्याकडे नाटकं अखंड नसून अंक सुटे आहेत, आणि एका अंकाला अनेक रात्री लागतात, कारण एका श्लोकाचा नट तासन्‌तास विस्तार करतो. मिळाव या तांब्याच्या वाद्यावर थाप पडते आणि नुसत्या डोळ्यांनी कैलास उचलला जातो. १९६५ साली केरळ कलामंडलममध्ये याचं शिक्षण सुरू झालं आणि जातीबाहेरच्या मुलामुलींना ते शिकता येऊ लागलं. २००१ साली युनेस्कोने त्याची मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली. भासाची म्हणून ओळखली जाणारी तेरा नाटकंही केरळातच सापडली. टी. गणपतिशास्त्री यांनी ती १९१२ पासून तिरुवनंतपुरमहून प्रसिद्ध केली. तोवर भास हे फक्त नाव होतं, इतरांनी आदराने घेतलेलं. ही नाटकं खरोखर भासाचीच का, हा वाद अजून मिटलेला नाही. रंगभूमीने मात्र निकालाची वाट पाहिली नाही.

रंगभूमीने भासाची नाटकं उचलली याचं कारण उघड आहे. ही नाटकं छोटी आहेत, काही तर एकांकिकाच. वर्णन कमी, हालचाल जास्त. दिग्दर्शक कावालम नारायण पणिक्करांनी १९७८ साली उज्जैनच्या कालिदास समारोहासाठी 'मध्यमव्यायोग' केलं, तेही मूळ संस्कृतातच. कळरिपयट्टू या युद्धकलेने घडवलेली शरीरं, चेंडा आणि इडक्का ही वाद्यं, दोघांनी हातात धरलेला आडवा पडदा. संस्कृत न कळणाऱ्यालाही भीम आणि घटोत्कच हे एकमेकांना न ओळखणारे बापलेक कळत होते. नंतर त्यांनी 'कर्णभार' केलं आणि २००१ साली दिल्लीत त्यात कर्ण झाला तो मल्याळी सिनेमाचा सुपरस्टार मोहनलाल. या नाटकात रथ आहेच. रथ अर्जुनाकडे घे, असं कर्ण सारथी शल्याला पुन्हा पुन्हा सांगतो, आणि कवचकुंडलं देऊन बसल्यावरही तेच सांगतो. तो रथ कुठेही पोचत नाही. लाकडाचा रथ ठेवला असता तर हे न पोचणं दिसलंच नसतं.

इंफाळच्या रतन थिय्यामांनी १९७६ साली कोरस रेपर्टरी थिएटर उभं केलं आणि १९८१ साली भासाचं 'ऊरुभंग' मणिपुरीत बसवलं. थांग-ता या युद्धकलेची पावलं, पांढरे झगे, काळोखातून उमटणारे छत्र-चामर. इतकं देखणं नाटक भारतात फार थोड्यांनी केलं. पण थिय्यामांच्या प्रयोगात कधीकधी डोळे तृप्त होतात आणि कान उपाशी राहतात, हेही म्हटलं पाहिजे. त्यांचं अनुकरण करणाऱ्यांत तर मशाली, भाले आणि धूर एवढंच उरलं. एके काळी महोत्सवांत असा धूर इतका असे, की 'मुळांकडे परतण्याची' वाट त्यातून दिसेना.

आता भाषेकडे येतो, कारण मराठी माणसाचा यात खास हक्क आहे. संस्कृत नाटक पुरतं संस्कृतात नसतं. राजा, मंत्री आणि बहुतेक ब्राह्मण संस्कृत बोलतात. स्त्रिया आणि इतर पात्रं प्राकृत बोलतात, तेही एक नाही. शकुंतला बोलते शौरसेनीत आणि तिच्यासारख्या स्त्रियांनी गायची पदं असतात महाराष्ट्रीत. ही महाराष्ट्री प्राकृत म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज. म्हणजे किर्लोस्करांनी शकुंतलेला मराठीत गायला लावलं तेव्हा ती एका अर्थी माहेरी आली होती. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकातला कोळी मागधी बोलतो. माशाच्या पोटात मिळालेली राजाची अंगठी विकताना त्याला पकडतात. दोन शिपाई त्याला बडवत आणतात, तुला मारायला माझे हात शिवशिवताहेत म्हणतात. राजाकडून बक्षीस मिळतं तेव्हा त्यातलं निम्मं तो त्यांच्या हातावर ठेवतो, आणि मग ते सगळे दोस्त होऊन दारूच्या गुत्त्याकडे निघतात. या प्रवेशाला 'समकालीन' करण्यासाठी एक शब्दही बदलावा लागत नाही.

अडचण आहे ती भाषांतराची. मराठीत आणताना सगळी पात्रं एकच प्रमाण मराठी बोलू लागतात आणि नाटकातली उतरंड सपाट होते. कोळ्याला बोली दिली, तर नट ती थट्टेसारखी बोलतो आणि पुण्या-मुंबईचा प्रेक्षक नको तिथे हसतो. माझं मत असं, की बोली द्यावी, पण ती बोलत वाढलेल्या नटालाच द्यावी. श्लोकांचं म्हणाल तर ते वृत्तात हवेत. शार्दूलविक्रीडितात बाराव्या अक्षरानंतर यती, म्हणजे विराम, आहे, मंदाक्रांतेत चौथ्या आणि दहाव्या. नटाने श्वास तिथेच घ्यायचा असतो. गद्यासारखं भावनेने तोडून म्हटलं की अर्थ हातात आल्यासारखा वाटतो आणि निसटतो.

आणि पाचव्या अंकाचं काय करायचं? गर्भवती शकुंतलेला भर दरबारात दुष्यंत ओळखत नाही. महाभारतातल्या मूळ कथेत शाप नाही, अंगठी नाही. तिथे राजाला सगळं आठवत असतं, लोक काय म्हणतील म्हणून तो नाकारतो आणि ती त्याला सडेतोड सुनावते. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणून राजाला वाचवलं. दुर्वास रंगमंचावर येतही नाही, त्याचा फक्त आवाज नेपथ्यातून येतो. आजचा दिग्दर्शक त्या आवाजाकडे कसा बघतो यावर त्याचं सारं नाटक ठरतं. शाप खरा मानला तर प्रेमकथा राहते. राजाची सोय मानली तर दरबाराचा प्रवेश अंगावर येतो. संहितेला हात न लावता, केवळ दुष्यंताचा नट शकुंतलेच्या डोळ्यांत बघतो की खाली बघतो, एवढ्यावर हा फरक पाडता येतो. काहींनी संहितेलाही हात लावला. वामन केंद्रे यांनी 'मध्यमव्यायोगा'वरून 'प्रिया बावरी' केलं आणि हिडिंबेला मध्यभागी आणलं. मूळ नाटकात ती शेवटी थोडा वेळ येते. यात भासाचा अपमान झाला असं मला वाटत नाही. भासाने स्वतः महाभारताचं तेच केलं होतं.

'ऊरुभंगा'त त्याने दुर्योधनाला नायक केलं. मांड्या मोडून पडलेला दुर्योधन, आंधळा बाप आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेली आई त्याला चाचपडत शोधताहेत, आणि त्याचा लहानगा मुलगा दुर्जय रोजच्यासारखा मांडीवर बसायला येतो. बाप त्याला नको म्हणतो. नाट्यशास्त्राने रंगमंचावर मृत्यू दाखवायला मनाई केली आहे. इथे मात्र दुर्योधन सगळ्यांसमोर मरतो.

हे प्रसंग पुस्तकात वाचून भागत नाही. महाराष्ट्र शासनाच्या राज्य नाट्य स्पर्धेत संस्कृत नाटकांचा वेगळा विभाग असतो आणि बहुतेक वेळा निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. यंदा जा. संस्कृत येत नसेल तरी जा, गोष्ट आधी वाचून घ्या. आणि बसताना एक पाहा. भरताने मध्यम आकाराचं नाट्यगृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद सांगितलं, म्हणजे सुमारे ९६ फूट आणि ४८ फूट. त्यातलं अर्धं प्रेक्षकांचं. याहून मोठं केलं तर आवाज फुटतो आणि नटाच्या चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, असं कारणही त्याने दिलं आहे. त्याच्या हिशेबाने अगदी शेवटचा प्रेक्षकही रंगमंचापासून ४८ फुटांच्या आत बसलेला असे. तेव्हा बाल्कनीत जाऊ नका, पुढच्या रिकाम्या खुर्च्यांत सरका.